पाणीगेटची साठमारी

आम्हा कोल्हापूरकरांसाठी साठमारी म्हणजे आधी एक मैदान, आणि मग एक शब्द. शाळा सुटली की आम्ही पोरं साठमारीत पळायचो. तिथं जाड दगडी बुरूज उभे आहेत, त्यांच्या आडोशाला लपाछपी फार चांगली जमायची. ‘हत्ती अंगावर आला की माणसं ह्याच्यामागं दडायची,’ असं आजोबा सांगायचे. बुरुजाच्या थंड दगडाला पाठ लावून उभं राहिलं की क्षणभर खरंच हत्ती येतोय असं वाटायचं. पुढे वर्तमानपत्रात ‘सत्तेची साठमारी’ असा मथळा वाचला तेव्हा नवल वाटलं. आमच्या पेठेतल्या मैदानाचं नाव थेट मंत्रालयापर्यंत कसं पोहोचलं? आजही हा शब्द महाराष्ट्रात रोज छापला जातो. ज्या माणसांमुळे तो भाषेत आला, ते हत्तीला डिवचून चुकवणारे साठमार मात्र कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत.

शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात साठमारीचा हा खेळ रंगला, पण गायकवाडांच्या बडोद्यात तो त्याच्या आधीपासून भरात होता. शाहूंची सासुरवाडीही बडोद्याचीच. 1891 साली बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाई लग्न होऊन करवीरला आल्या. दोन्ही दरबारांत माणसांची आणि आवडीनिवडींची येजा होती. बडोद्यात हत्तींच्या झुंजींच्या जागेला ‘अग्गड’ म्हणतात आणि ती पाणीगेटला होती, एवढं मला वाचून ठाऊक होतं. माझी मावशी गेली चाळीस वर्षं बडोद्यात दांडिया बाजारात राहते. यंदा संक्रांतीच्या आधी आठवडाभर तिच्याकडे गेलो, ते अग्गड बघायचाच हे ठरवून.

बडोद्याची मराठी ऐकायला गोड आहे. वाक्य संपता संपता ती जरा वळते आणि ‘ने’ म्हणून थांबते. ‘बस ने, चहा घे ने,’ असं मावशी म्हणते तेव्हा त्यात विनंती असते आणि लाडिक दटावणीही. आमच्याकडे पाहुण्याला ‘बसा की वो’ म्हणतात. त्या ‘की’त आग्रह आहे, या ‘ने’त आर्जव. घरात देवघर मराठी, दिवाणखाना मराठी, भाजीवाल्याशी बोलणं गुजराती, आणि हिशेब कुठल्या भाषेत चालतो ते मावशीलाही सांगता येत नाही. पोह्यांत साखर होती. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ती आवडायला लागली.

‘पाणीगेटला? तिथं काय आहे ने बघण्यासारखं?’ मावशी म्हणाली. ‘राजवाडा बघ, न्यायमंदिर बघ.’

खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर तिच्या सासूबाई बसल्या होत्या. वय नव्वद. त्यांनी मान वर केली, पण त्या वेळी काही बोलल्या नाहीत.

पहिल्या दिवशी सयाजीबागेतलं संग्रहालय पाहिलं. कोल्हापूरच्या माणसाचे पाय तिथं एका दगडापाशी थांबतात. गामा पैलवानानं 23 डिसेंबर 1902 रोजी हा दगड उचलला, अशी त्याची नोंद आहे. वजन सांगतात 1200 किलो. दगड जेमतेम मांडीइतका उंच आहे, पण त्याचा घेर बघितला की आपोआप श्वास आत ओढला जातो. एक तरुण बाप आपल्या लेकाला तो दाखवत होता आणि लेक दगडाला दोन्ही हात लावून जोर करत होता. ज्या गावानं उचललेला दगड इतका जपून ठेवला, त्यानं हत्तींचं मैदानही कुठंतरी मायेनं जपलं असेल, अशी आशा मला तिथं वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालत निघालो. सूरसागराच्या काठानं न्यायमंदिर, तिथून लहरीपुरा दरवाजा, आणि दरवाजातून आत शिरलं की जुनं शहर. या शहराची आखणी मनात पटकन बसते. मधोमध मांडवी, आणि तिच्यापासून चार रस्ते चार दरवाजांकडे गेलेले. पश्चिमेला लहरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट आणि पूर्वेला पाणीगेट. मांडवी म्हणजे मोगलाईतला चौकोनी मंडप. चारही अंगांना तीन-तीन कमानी, आणि आता भोवतीनं स्कूटर, हातगाड्या, रिक्षा गोल फिरत असतात. आमच्या महाद्वार रोडवर असते तशीच खांद्याला खांदा लागणारी गर्दी, पण आवाज वेगळा. आमच्याकडे गर्दीत लोक एकमेकांवर ओरडतात, इथं एकमेकांना ‘भाई’ म्हणत बाजूला सारतात. कपाळावर आठी न आणता धक्का मारायची ही कला मला फार आवडली.

वाटेत सेव-उसळ खाल्ली. हिचं नाव मराठी आणि जीव गुजराती. वाटाण्याची पातळ उसळ, वर मूठभर जाड शेव, हिरवी पात, सोबत पाव, आणि तिखट रस्सा वेगळा. आम्ही त्याला ‘कट’ म्हणतो, इथं ‘तरी’ म्हणतात. मिसळ म्हटलं की मोड आलेली मटकी हवी, असा आमचा हट्ट. इथं तसा हट्ट नाही. मराठी घरांतली उसळ कधीतरी रस्त्यावर आली, गुजराती शेवेला भेटली आणि इथलीच होऊन गेली. शेजारी बसलेल्या माणसानं माझी ताटली रिकामी झालेली पाहून न विचारता तरीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. कोल्हापुरातही असंच करतात. रस्सा पुन्हा पुन्हा घ्यायचा असतो आणि तो मागावा लागू नये, या बाबतीत दोन्ही गावांचं एकमत आहे.

मांडवीहून रिक्षा केली. मी रिक्षावाल्याला हत्तींची जुनी जागा म्हणून सांगितलं. त्यानं ‘हाथीखाना ने?’ असं म्हणून गाडी पिटाळली आणि मला घाऊक बाजारात आणून सोडलं. हाथीखाना ही बडोद्याची धान्याची आणि तेलाची मोठी पेठ. गव्हाची पोती, तांदळाची पोती, तेलाचे डबे, पाठीवर ओझं घेऊन वाकून धावणारे हमाल, पारखायला तळहातावर घेतलेले आणि मग फुंकरीनं उडवलेले दाणे. मला यायचं होतं तिथं मी आलो नव्हतो, तरी तासभर तिथंच रेंगाळलो. नावापलीकडे हत्तीची एकही खूण नाही. पण हत्तींच्या नावाच्या पेठेत आज धान्याच्या राशी लागतात यात काहीतरी समाधान देणारं आहे. हमालांच्या वाकलेल्या पाठींकडे बघताना मात्र जाणवलं की या शहरात अवजड कामं कुणी ना कुणी कायमच केली आहेत, आणि त्यांची नावं पाट्यांवर नसतात.

तिथून पाणीगेट. लोक त्याला ‘पाणीगेट दरवाजा’ म्हणतात. ‘गेट’ म्हटल्यावर पुन्हा ‘दरवाजा’ कशाला, हा प्रश्न फक्त पाहुण्याला पडतो. इथून पूर्वेला रस्ता आजव्याकडे जातो, जिथं सयाजीराव महाराजांनी 1892 साली पुरं झालेलं सरोवर बांधून शहराला नळाचं पाणी दिलं. दरवाजाच्या आसपास हिंदू-मुसलमान वस्ती दाट, घरांच्या लाकडी गॅलऱ्या रस्त्यावर झुकलेल्या. आणि या दिवसांत सगळीकडे पतंग. रस्त्याच्या कडेला खांब रोवून त्यांवर पांढरा दोरा ताणला होता, आणि एक मुलगा हातातला लगदा दोऱ्यावर चोळत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता. त्याचे तळहात गडद गुलाबी. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कारण लगद्यात काच असते. आमच्याकडे संक्रांत तिळगुळाची, इथं उत्तरायण आकाशाचं. दोऱ्याखालून वाकून जाताना त्या मुलानं हातानं दोरा वर उचलून धरला आणि म्हणाला, ‘संभाळजो, काका.’

अग्गडाचा पत्ता विचारला की लोक आधी माझ्याकडे बघत, मग हात करत. ‘अग्गड’ हे नाव सगळ्यांना ठाऊक, पण राहत्या भागाचं नाव म्हणून, जसं आम्हाला साठमारी ठाऊक असते. तिथं काय व्हायचं, असं विचारलं तर पानवाला म्हणाला, ‘हाथी लडते थे, राजा के टाइम में.’ एवढंच. हत्ती दोन होते की वीस, लोक कुठं बसायचे, खेळ कधी थांबला, यातलं काही नाही. चुन्यातल्या जुन्या विटांची रुंद भिंत एका ठिकाणी दिसते, पुढे घरं येतात, मग पुन्हा भिंतीचा तुकडा. सलग असं मैदान एका नजरेत मावत नाही. मी त्या भिंतीला हात लावून उभा राहिलो आणि डोळे मिटून वाचलेलं आठवू लागलो.

लुई रुसले नावाचा फ्रेंच प्रवासी 1864 साली बडोद्यात आला, तेव्हा तो विशीतही नव्हता. खंडेराव महाराजांनी त्याला पाहुणा म्हणून ठेवून घेतलं आणि अग्गडातला खेळ दाखवला. पुढे 1875 साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात या मैदानाचं वर्णन आहे. मोठा लांबट चौकोन, तीनशे यार्डांच्या आसपास लांब, दोनशेच्या जवळपास रुंद. भोवती जाड भिंत, आणि भिंतीत पुष्कळ अरुंद दारं. माणूस आडवा होऊन आत शिरेल आणि हत्तीला मागं येता येणार नाही एवढीच रुंद. भिंतीच्या माथ्यावर प्रजेची गर्दी, एका बाजूला महाराजांची बैठक.

झुंजीच्या हत्तीला आधी तीन महिने साखर आणि लोणी चारून माजावर आणायचं. मग दोन हत्ती सोडायचे. कपाळावर कपाळ आदळलं की त्या आवाजानं भिंतीवरचे लोकही दचकायचे. जिंकलेला हत्ती आवरला की साठमार आत यायचे. अंगावर घट्ट चोळणा, डोक्याला रंगीत फेटा, हातात भाला नाहीतर चाबूक, आणि हत्तीला भुलवायला तांबडं कापड. एक जण डिवचायचा, हत्ती वळला की दुसरा मागून यायचा. एका साठमाराला हत्तीनं सोंडेत धरलं, आता संपलाच असं सगळ्यांना वाटलं, तेवढ्यात दुसऱ्यानं धावत जाऊन हत्तीच्या डोळ्यांपुढे आतषबाजीचा जाळ धरला आणि तो सुटला. मग घोडेस्वार. घोड्याचं शेपूट आखूड कापलेलं, म्हणजे सोंडेत सापडायला नको. शेवटी गेंड्यांची झुंज, आणि दोघे ओळखू यावेत म्हणून एकाला काळा रंग दिलेला, दुसऱ्याला तांबडा.

हे सगळं मी पूर्वी अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी ती अरुंद दारंच मला खिळवून ठेवतात. ज्यानं ती बांधली त्यानं माणसाच्या छातीचं माप घेतलं असेल. एक बोट जास्त रुंद झालं तर सोंड आत येणार, एक बोट कमी झालं तर माणूस अडकणार. एवढ्या मोठ्या मैदानात सगळा खेळ त्या एका मापावर उभा होता. साठमार धावत असताना कुठलं दार आपल्याला जवळ आहे हे त्याला न बघता कळत असलं पाहिजे. आमच्या कोल्हापुरातले बुरूज तेच काम करायचे, फक्त भिंतीत नव्हे, मोकळ्यावर. लहानपणी मी ज्या दगडाला पाठ लावून उभा राहायचो, तिथं कुणीतरी खराच जीव मुठीत धरून उभा राहिला होता, हे मला पाणीगेटच्या त्या भिंतीपाशी पहिल्यांदा नीट उमगलं.

खंडेरावांची राजवट 1856 ते 1870. त्यांनी मोत्यांचा गालिचा करवला, कबुतरांचं लग्न लावलं असं सांगतात, आणि अग्गड गाजवला. नंतर आलेले मल्हारराव 1875 साली इंग्रजांनी पदच्युत केले. त्याच वर्षी मे महिन्यात मालेगावजवळच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक आला, आणि नोव्हेंबरात इंग्लंडचा युवराज बडोद्यात उतरला तेव्हा त्याचा यजमान हाच मुलगा होता. त्या पाहुण्यासाठी अग्गडात हत्तींच्या आणि गेंड्यांच्या झुंजी झाल्या. सहा महिन्यांपूर्वी जो रानात गुरांमागे फिरत होता, त्याला माजावर आणलेले हत्ती बघून काय वाटलं असेल? खेड्यातल्या मुलाला जनावराचा त्रास कळतो. हा माझा तर्क आहे, पण मला तो सोडवत नाही. याच मुलानं पुढं, सयाजीराव म्हणून, 1906 साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि गावोगावी ग्रंथालयं उभी केली. खेळ त्यांच्या काळातही काही वर्षं चालला, पाहुणे आले की लागला. पण राज्याचा जीव आता त्या भिंतीत उरला नव्हता. 1 मे 1949 ला बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. हत्ती पोसायला दरबार लागतो, आणि दरबार संपला.

खेळ थांबला हे मला मनापासून बरं वाटतं. तीन महिने लोणी-साखर खाऊन बेभान झालेल्या हत्तीचं दुःख त्या वर्णनात कुठंही लिहिलेलं नाही, पण ते प्रत्येक ओळीत आहे. तरी भिंत पडते आहे याचं मला वाईट वाटतं, आणि या दोन गोष्टींचा मेळ घालायची मला गरज वाटत नाही. जे केलं ते कुठं केलं, हे गावाला दाखवता आलं पाहिजे. गामाच्या दगडाला जशी नोंद आहे, तशी या भिंतीलाही हवी. चार ओळींची पाटी पुरे. त्यात राजांची नावं असली तर असोत, पण ‘इथं साठमार धावले’ एवढं मराठीत आणि गुजरातीत लिहिलेलं असावं. त्यांची नावं रुसलेनं लिहिली नाहीत. आपणही नाही. खेळ संपला की महाराज त्यांना कापडाचे तागे आणि पैशांच्या थैल्या बक्षीस देत, एवढीच त्यांची नोंद.

भिंतीपाशी तीन मुलगे आडव्या बॅटनं क्रिकेट खेळत होते. त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं, कारण मी यष्टींच्या जागी उभा होतो. मी सरकलो. एकानं विचारलं, ‘फोटो पाडवा आव्या छो?’ मी म्हटलं, नाही, बघायला आलोय. ‘शुं?’ भिंत, म्हणालो. त्यानं भिंतीकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि चेंडू टाकायला मागं गेला.

परतताना राजमार्गाचा मोह टाळून गल्ल्यांतूनच आलो. एका घराच्या उंबऱ्यावर आजी उंधियूसाठी पापडी निवडत होती, पलीकडे जिलबीचा घाणा चालू होता. गच्च्यांवर मुलं ‘काप्यो छे’ म्हणून ओरडायला आतापासूनच लागली होती. मावशीसाठी रावपुऱ्यातून दुलीरामचे पेढे घेतले. आमचा पेढा पांढरट, मऊ. हा तपकिरी, खरपूस आणि वर साखर माखलेला.

रात्री जेवण झाल्यावर मावशीच्या सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. ‘अग्गड सापडला?’ त्यांनी विचारलं. सापडला म्हटलं.

‘मी झुंज नाही पाहिली,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या वेळेला ते नव्हतं. पण दसऱ्याला स्वारी निघायची, प्रतापसिंह महाराजांच्या वेळी. वडिलांच्या खांद्यावर बसून मी बघितलीय. हत्तीच्या कपाळावर रंगानं वेलबुट्टी काढलेली असायची. तो आमच्यासमोरून गेला तेव्हा त्याचा डोळा अगदी जवळून दिसला. एवढा मोठा देह, आणि डोळा केवढा, सुपारीएवढा. पाणी येत होतं त्यातून.’

त्यांनी आपल्या डोळ्याखाली, गालाकडे बोट नेऊन ते पाणी कुठून वाहत होतं ते दाखवलं.

‘मी वडिलांना विचारलं, हत्ती रडतो का? वडील म्हणाले, नाही ग, हत्तींना असंच येतं.’

मावशी आतून पेढ्यांची ताटली घेऊन आली. सासूबाईंनी अर्धा पेढा मोडून घेतला, उरलेला माझ्या हातावर ठेवला, आणि म्हणाल्या, ‘घे ने.’